दास्यलेख आणि राजदंड
जुझे वाझ यांच्या चरित्रातील ईश्वरी आज्ञेचा विचार

आमच्या गोमंतकात देवाला कौल लावण्याची जुनी रीत आहे. लग्नकार्य असो, जमिनीचा व्यवहार असो, की घरातल्या एखाद्या दुखण्याचा प्रश्न असो. संशयात सापडलेला गृहस्थ देवळात जातो, पुजारी ओल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि मग सर्वजण गप्प राहून वाट पाहतात. उजवी पाकळी पडली तर देवाची संमती झाली. डावी पडली तर थांबायचे. या रीतीविषयी बुद्धिवाद्यांना काय वाटते हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. पाकळी डावी पडल्यावर विचारणारा देवाशी वाद घालीत नाही. वाद घालायचा असता तर त्याने विचारायलाच येऊ नये. प्रश्न विचारतानाच आपल्या मनाजोग्या उत्तराचा हट्ट त्याने सोडलेला असतो. ईश्वराच्या सत्तेवर विश्वास ठेवणे म्हणजे काय, हे सांगायला आमच्या देवळांतील वाचकांस याहून दूर जाण्याचे कारण नाही.

हाच विश्वास ख्रिस्ती धर्मजीवनाचाही एक मुख्य आधार आहे. तेथे त्यास आज्ञापालन म्हणतात, आणि त्या आज्ञापालनातून जीवनाला जे वळण लागते त्यास शिस्त म्हणतात. परंतु 'ख्रिस्ती धर्माची सत्ता' हे शब्द कानावर पडले म्हणजे गोमंतकीय हिंदूच्या मनात प्रथम उभे राहते ते सोळावे शतक. त्यात नवल नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची महालसा म्हार्दोळास गेली. राजदंड आणि धर्मदंड एकाच हातात आले म्हणजे काय होते, याची आठवण या देवस्थानांच्या महाजनांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू ती आठवण पुसण्याचा नाही आणि तिला मुलामा देण्याचाही नाही. तथापि याच भूमीत, त्या घटनांनंतर शंभर वर्षांच्या आत, ईश्वरी आज्ञा या शब्दाचा अगदी निराळा अर्थ आपल्या आयुष्याने दाखवून देणारा एक माणूस जन्मला. त्याचे चरित्र ख्रिस्ती बांधवांस परिचित आहे. आमच्याकडे मात्र त्याचा विचार फारसा झालेला नाही. तो व्हावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आईच्या माहेरी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे ख्रिस्ती झालेल्या कोंकणी ब्राह्मणांचे. सांकवाळचा लक्ष्मीनरसिंह आज फोंडा महालात वेलिंग येथे आहे, आणि बाणावलीच्या कात्यायनी बाणेश्वराचे देवस्थान आज अंकोल्याजवळ आवर्से येथे आहे. म्हणजे वाझ जन्मले तेव्हा त्यांच्या पितृकुळाच्या आणि मातृकुळाच्या, अशा दोन्ही गावांतून मूळ दैवते निघून गेलेली होती. जे देवाबरोबर गेले त्यांचा इतिहास आपण सांगतो; जे मागे राहिले त्यांच्या वंशातला हा मुलगा. तुकोबांच्या निर्याणानंतर अवघ्या वर्षा-दोन वर्षांत त्याचा जन्म झाला, आणि समर्थ रामदासांच्या उत्तरायुष्याशी त्याचे तारुण्य समकालीन आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे काळाचा अंदाज येतो.

जुन्या गोव्यात जेझुइटांच्या आणि डॉमिनिकनांच्या विद्यालयांत शिक्षण घेऊन वाझ १६७६ मध्ये पाद्री झाले. त्यांनी पायांतले जोडे टाकले आणि ते अनवाणी हिंडू लागले. सांकवाळ येथे त्यांनी धर्मशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. परंतु एतद्देशीय पाद्रीचे स्थान त्या काळी कसे होते, हेही सांगितले पाहिजे. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट इत्यादी युरोपीय संघांची दारे हिंदी माणसास जवळजवळ बंद होती. तो पाद्री होऊ शके. पण युरोपीय संन्याशांच्या बरोबरीने त्यांच्या मठात बसू शकत नसे. ज्या धर्माने सर्व मनुष्ये ईश्वराची लेकरे आहेत असे शिकविले, त्या धर्माच्या कारभाऱ्यांनी लेकरांत वर्ण पाहून पंक्ती मांडल्या होत्या. अशा व्यवस्थेत बुद्धिमान तरुणापुढे दोन सोपे मार्ग असतात: वरिष्ठांची मर्जी संपादणे, किंवा मनातल्या मनात कुढत राहणे. वाझ यांनी तिसरा मार्ग धरला.

१६७७ मध्ये त्यांनी एक दास्यलेख लिहिला. त्या लेखाने त्यांनी स्वतःस येशूच्या मातेचा, मारियेचा, कायमचा गुलाम म्हणून लिहून दिले. गुलाम हा शब्द त्या काळच्या गोव्यात अलंकारिक नव्हता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेली माणसे तेथे विकली जात आणि सधन घरांत राबत. गुलामीचा कागद कसा असतो हे शहरातल्या कोणासही ठाऊक होते. तसाच कागद वाझ यांनी स्वतःविषयी, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या खुषीने केला. कॅथलिक मतानुसार मारिया ही देव नव्हे. तिच्या द्वारा तिच्या पुत्रास शरण जायचे असते. हा सिद्धान्तातला भेद आपण पुसू नये. पण नवविधा भक्तीत दास्यास स्थान देणाऱ्या आणि आपल्या संतांच्या नावांत 'दास' हा शब्द भूषण म्हणून मिरविणाऱ्या वाचकास या कागदामागची वृत्ती परकी वाटण्याचे कारण नाही. 'मी कोणाचा' या प्रश्नाचे उत्तर ज्याने एकदा देऊन टाकले, त्याला 'मला कोण मान देतो' हा प्रश्न फारसा छळत नाही.

या दास्याची परीक्षा लवकरच झाली. १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना हस्तगत करून वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, सिलोनच्या किनारपट्टीवरून पोर्तुगिजांस हुसकून लावले होते. डच हे प्रॉटेस्टंट. त्यांनी कॅथलिक पाद्री देशाबाहेर घालविले आणि पुन्हा येण्यास मनाई केली. मागे राहिलेल्या कॅथलिक प्रजेस ना पूजा, ना पुरोहित, अशी अवस्था झाली. हे वृत्त ऐकून वाझ यांच्या मनाने घेतले की, ईश्वर आपणास तेथे बोलावीत आहे. त्यांनी तशी इच्छा वरिष्ठांपुढे मांडली. वरिष्ठांनी ती मान्य केली नाही. १६८१ मध्ये त्यांस सिलोनऐवजी कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती वस्त्यांचे प्रमुख म्हणून पाठविण्यात आले.

येथे ख्रिस्ती जीवनातील एका अवघड प्रश्नाशी आपण येतो. अंतरात्मा एक सांगतो आणि वरिष्ठ दुसरेच सांगतो. तेव्हा ईश्वराची आज्ञा कोणती? कॅथलिक परंपरेचे उत्तर असे की, अंतःकरणातील हाकेची पारख बाहेरच्या आज्ञेने करून घ्यावी. कारण माणसाची स्वतःची हौस पुष्कळदा देवाच्या आवाजात बोलते. वरिष्ठ चुकू शकतो. पण त्याची आज्ञा मानल्याने आपल्या हौशीची धार जाते, आणि हाक खरी असेल तर ती पुन्हा ऐकू येतेच. आमच्याकडे गुरूने शिष्यास वर्षानुवर्षे गुरे राखायला लावल्याच्या कथा आहेत, त्यांचे मर्म याहून वेगळे नाही. वाझ यांनी डावी पाकळी मानली आणि ते कानड्यास गेले. सिलोनचा विचार त्यांनी सोडला नाही आणि त्याविषयी कुरकूरही केली नाही. पाच वर्षे त्यांनी वाट पाहिली.

कानडा किनारा त्या वेळी केळदीच्या राणी चेन्नम्माजीच्या राज्यात होता. पुढे १६८९ मध्ये छत्रपती राजारामांस जिंजीच्या वाटेवर आश्रय देणारी राणी ती हीच. मंगळूर, बसरूर, कुंदापूर, गंगोळ्ळी या भागांत गोव्याकडून गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती होती. परंतु तेथे धर्मसत्तेतच दुफळी माजलेली. पोपने पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील चर्चवर दिलेले जुने हक्क एका बाजूस. १६२२ मध्ये रोममध्ये स्थापन झालेल्या धर्मप्रसार-मंडळाने नेमलेले बिशप दुसऱ्या बाजूस. कानड्यात रोमने नेमलेले बिशप तोमास द कास्त्रो हे स्वतः दिवाडीचे गोमंतकीय होते, आणि वाझ यांस पाठविले होते गोव्याच्या धर्मपीठाने. कोणाच्या हातचा संस्कार खरा आणि कोणाचा खोटा, या वादात साधे कोळी आणि शेतकरी भरडून निघत होते. वाझ यांनी गोव्याची आज्ञा टाकली नाही. पण बिशपांस शत्रूही मानले नाही. रोमचा निर्णय स्पष्ट होईपर्यंत भांडण वाढू नये आणि सामान्य भाविकांची मने संशयात पडू नयेत, अशी खटपट ते दोन्हीकडे करीत राहिले. आज्ञापालन म्हणजे डोळे मिटणे, अशी जी समजूत आहे, तिला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. आज्ञा देणारेच दोन झाले म्हणजे आज्ञाधारकास विवेकाची गरज अधिक लागते, कमी नव्हे.

१६८४ मध्ये वाझ गोव्यास परतले. ते नसताना गोव्यावर मोठा प्रसंग येऊन गेला होता. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजीराजांनी जुवे बेट घेतले आणि मराठी फौजा साष्टी व बारदेश येथे शिरल्या. भयभीत झालेल्या विजरई कोंद द आल्वोर याने जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडविली आणि आपला अधिकारदंड त्या संताच्या हाती ठेवून शहराच्या रक्षणाची याचना केली. मोगल सैन्य कोंकणात उतरल्याने मराठ्यांस माघारी फिरावे लागले आणि शहर वाचले. आता या विजरईच्या नम्रतेचा पुढचा भाग पाहावा. ज्याने आपला राजदंड देवाच्या भक्ताच्या चरणी वाहिला, त्यानेच १६८४ च्या जूनमध्ये फर्मान काढले की, एतद्देशीय लोकांनी तीन वर्षांच्या आत कोंकणी बोलणे सोडून पोर्तुगीज भाषा आत्मसात करावी. संकटात दंड खाली ठेवायचा आणि संकट टळताच तोच दंड दुर्बळाच्या जिभेवर उगारायचा! हेही एक प्रकारचे 'ईश्वराच्या सत्तेवर विश्वास ठेवणे' होते. विजरईने देवाची सत्ता मानली ती स्वतःची सत्ता राखण्यासाठी. वाझ यांनी ती मानली ती स्वतःवर. एकाच शहरात, एकाच दशकात, एकाच धर्माच्या दोन माणसांत केवढे हे अंतर!

जुन्या गोव्यात त्या सुमारास काही गोमंतकीय पाद्री एकत्र राहून नियमित प्रार्थनेचे जीवन जगू पाहत होते. वाझ १६८५ मध्ये त्यांच्यात सामील झाले आणि लगेच त्यांचे प्रमुख निवडले गेले. रोममध्ये फिलिप नेरी (१५१५–१५९५) यांनी स्थापिलेल्या ओरेटरी या मंडळीचा नमुना त्यांनी पुढे ठेवला. या मंडळीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यातील पाद्री इतर संघांप्रमाणे संन्यासाची व्रते घेत नाहीत. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन यांची शपथ नाही. सोडून जावयाचे असेल तर दार उघडे. एकत्र राहणे, ठरल्या वेळी प्रार्थना करणे, प्रमुखाचे ऐकणे हे सर्व परस्परांच्या प्रेमावर चालते. शिस्तीचा विचार करणाऱ्याने येथे थांबावे. बाहेरून बांधणारी शिस्त मोडली की शिक्षा होते, म्हणून ती पाळली जाते. दार उघडे असताना जी पाळली जाते, ती मात्र माणसाची स्वतःची असते. युरोपीय संघांनी बाहेर ठेवलेल्या माणसांनी आपला संघ उभारताना शपथेचे कुलूप न घालणारा नमुना पसंत करावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

या चित्राला एक डाग आहे, तोही दाखविला पाहिजे. गोव्याच्या ओरेटरीत प्रवेश मिळे तो ख्रिस्ती ब्राह्मणांस. युरोपीयांनी त्यांस वर्णावरून दूर ठेवले आणि त्यांनी इतरांस जातीवरून दूर ठेवले. दैवत बदलले तरी पंगतीचा हिशेब बदलला नाही. आमच्या देवळांच्या उंबरठ्यांवर हाच हिशेब किती काळ चालला, हे आठवून आपण येथे दुसऱ्यास नावे न ठेवता स्वतःकडे पाहावे, हे बरे.

प्रमुखपद हाती आल्यावर वाझ यांस मानाने आणि स्वस्थतेने जुन्या गोव्यात राहता आले असते. त्यांनी ते पद सोडले आणि १६८६ मध्ये जुवांव नावाच्या सेवकास बरोबर घेऊन दक्षिणेची वाट धरली. तूतुकुडीहून, मजुराच्या वेषात, ते १६८७ मध्ये जाफन्यास पोहोचले. मागे आरमार नाही, पुढे सरदार नाही, खिशात फर्मान नाही. उलट, त्यांचे तेथे असणे हाच डच कायद्याने गुन्हा. प्रवासाच्या हालांनी ते अतिसाराने आजारी पडले आणि परक्या गावी निराधार झाले. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागू लागले. माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख दिसते, यावरून लपून राहिलेले कॅथलिक त्यांनी शोधून काढले. रात्री पूजा, दिवसा भिक्षा, असा क्रम चालला.

अंतरुज महालातील वाचकास हे वर्णन वाचताना काही आठवल्यावाचून राहणार नाही. रातोरात मूर्ती हलविणे, गुप्तपणे पूजा चालू ठेवणे, नदीपलीकडे जाऊन विधी उरकणे, हे सर्व आमच्या पूर्वजांनी केले आहे. ज्या धर्माच्या राज्यकर्त्यांनी त्यांच्यावर ती वेळ आणली, त्याच धर्माच्या एका गोमंतकीयावर दुसऱ्या राज्यकर्त्यांनी तीच वेळ आणली. १६८९ च्या नाताळात जाफन्यास उपासनेसाठी जमलेल्या लोकांस डच शिपायांनी पकडले. वाझ त्यांच्या हाती लागले नाहीत. शिक्षा भोगावी लागली ती तेथल्या भाविकांस. आपल्या येण्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली, हे ओझे त्यांस वाहावे लागले असेल. ईश्वरी आज्ञा पाळणाऱ्याचा मार्ग निष्कंटक असतो असे समजण्याचे कारण नाही, आणि काटे त्याच्या एकट्याच्याच पायांत जातात असेही नाही.

पुढे ते कँडीच्या सिंहली राज्याच्या हद्दीत पुत्तलम येथे आले आणि १६९२ मध्ये राजधानीत शिरले. तेथे पोर्तुगिजांचा हेर म्हणून त्यांची चुगली झाली आणि त्यांस कैदेत टाकण्यात आले. कँडीच्या गादीवर त्या वेळी विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध राजा होता. बंदिवासाचा उपयोग वाझ यांनी सिंहली भाषा शिकण्यासाठी केला. हळूहळू पहारा सैल झाला. एक साधी प्रार्थनागृहाची झोपडी उभी राहिली. एका अवर्षणाच्या वेळी राजाच्या सांगण्यावरून त्यांनी भर चौकात वेदी मांडून पावसासाठी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, अशी कथा त्यांच्या चरित्रात परंपरेने सांगितली जाते. श्रद्धावंतांनी ती मानावी. इतिहासाला एवढे निश्चित सांगता येते की, राजाचा संशय गेला आणि त्यांस राज्यात हिंडण्याची मोकळीक मिळाली.

या मोकळिकीची कसोटी १६९७ मध्ये लागली. कँडीत देवीची साथ आली. राजा व दरबारी शहर सोडून गेले. रोग्यांस त्यांच्या घरच्यांनीच रानात नेऊन टाकावे, अशी वेळ आली. वाझ आणि त्यांचे भाचे पाद्री जुझे कार्व्हाल्यो मागे राहिले. ओस घरांत त्यांनी रोगी आणून ठेवले, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांस अन्न दिले, मेलेल्यांस पुरले. रोगी ख्रिस्ती आहे की बौद्ध, हे पाहिले नाही.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात दुःखाविषयी एक शिकवण आहे. बाप जसा आपल्या आवडत्या मुलास वळण लावण्यासाठी कठोर होतो, तसा ईश्वर आपल्या माणसांस संकटांच्या द्वारा शिस्त लावतो. हा विचार नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात मांडलेला आहे. विचार गंभीर आहे, पण धारेचा आहे. स्वतःच्या दुःखाविषयी तो बोलला तर मनुष्य धीर धरतो. दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलला तर मनुष्य निष्ठुर होतो. 'माझे दुःख ही मला लावलेली शिस्त आहे' असे म्हणणारा साधू. 'तुझे दुःख ही तुला झालेली शिक्षा आहे' असे म्हणणारा बहुधा ढोंगी. कर्मविपाकाच्या सिद्धान्ताचा दुरुपयोग आमच्याकडेही असाच झालेला आहे. पीडितास त्याच्या पूर्वजन्मीचा हिशेब ऐकवून आपण हात झाडले आहेत. कँडीत वाझ यांनी काय केले ते या दृष्टीने पाहावे. आपल्या कैदेस त्यांनी अभ्यासाचा काळ केला. पण परक्याच्या आजारास देवाचा कोप ठरवून ते दूर बसले नाहीत. शिस्त त्यांनी आपल्याकडे ठेवली आणि करुणा दुसऱ्यास दिली. या चरित्राचे सार एका वाक्यात सांगायचे झाल्यास मी हेच सांगेन.

त्यानंतरची चौदा वर्षे त्यांनी त्याच बेटावर घालविली. गोव्याच्या ओरेटरीकडून एकेक करून सहकारी येऊ लागले. त्यांत दिवाडीचे जाकोमे गोन्साल्व्हिस हे १७०५ मध्ये आले आणि त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. ज्या गोव्यात मातृभाषा सोडण्याचे फर्मान निघाले होते, त्याच गोव्याचे पुत्र परक्या देशात तेथल्या लोकांची भाषा शिकून तिच्यात लिहू लागले, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. वाझ यांस उच्च पद देण्याचा विचार निघाला तेव्हा त्यांनी ते स्वीकारले नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे देहावसान झाले. सिलोनला गेल्यापासून चोवीस वर्षांत ते गोव्यास परतले नव्हते.

त्यांचे चरित्र नेवऱ्याचे गोमंतकीय पाद्री सेबास्तियांव दो रेगो यांनी पोर्तुगिजांत लिहिले व ते १७४५ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. गोव्याची ओरेटरी मात्र १८३५ मध्ये, पोर्तुगाल सरकारने धार्मिक संघ बंद केले तेव्हा, इतरांबरोबर बंद पडली. रोमने या माणसाची दखल सावकाश घेतली. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबो येथे त्यांस धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी, दुसऱ्या चमत्काराची नेहमीची अट शिथिल करून, पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथेच त्यांस संतपद दिले. मृत्यूनंतर तीनशे चार वर्षांनी. ज्याने पाच वर्षे वाट पाहायला शिकून घेतले होते, त्याला या विलंबाचे काही वाटले नसते.

सांकवाळहून दोन वाटा निघाल्या, असे या इतिहासाकडे पाहताना वाटते. एका वाटेने लक्ष्मीनरसिंह वेलिंगास गेला. अंतरुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता. म्हणजे हिंदूंच्या देवास आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात. दुसऱ्या वाटेने, सव्वाशे वर्षांनी, त्याच गावचा एक पाद्री कँडीस गेला. तेथे ख्रिस्ती माणसास ख्रिस्ती डचांपासून आसरा मिळाला तो बौद्ध राजाच्या मुलखात. दोन्ही वाटांनी जाणाऱ्यांजवळ राजदंड नव्हता. ज्या देवावर त्यांनी भार टाकला होता, त्याची सत्ता कोणाच्या तलवारीवर टिकलेली आहे, असे त्यांस वाटत नव्हते. म्हणून ते घर सोडू शकले.

देवाच्या नावाने दुसऱ्यावर हुकूम गाजविणारा माणूस वरवर पाहता मोठा श्रद्धाळू दिसतो. वास्तविक त्याचा देवावर विश्वास नसतो. असता तर देवाचे काम आपल्या दंडुक्यावाचून अडेल, अशी भीती त्याला वाटली नसती. ज्याने देवाची आज्ञा खरोखर स्वतःवर घेतली, त्याला ती दुसऱ्यावर लादण्याची निकड राहत नाही. पोर्तुगीज राजवट १९६१ मध्ये संपली. तिचे फर्मान काढणारे केव्हाच विस्मृतीत गेले. पण वेलिंगास आजही आरती होते, आणि सोळा जानेवारीस सांकवाळ येथे व समुद्रापलीकडे कँडीत त्या अनवाणी पाद्रीचे स्मरण होते. आपल्या गावच्या या दोन्ही आठवणी एकमेकींस खोट्या पाडीत नाहीत. पहिली जपताना दुसरीही माहीत असावी; आणि पुढच्या खेपेस देवापुढे कौलासाठी उभे राहताना, आपण आज्ञा मागावयास आलो आहोत की आपल्याच इच्छेवर देवाचा शिक्का घ्यावयास, एवढे तरी आपण स्वतःस विचारावे.